बसवलं की निजवलं

चारठाण्याच्या चन्नबसम्मेचं तोंड गावभर गाजलेलं होतं. दुकानाच्या ओट्यावर सुपात काहीतरी निवडत ती बसलेली असायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची. कुणाचं लुगडं कुठं फाटलं, कुणाचा बैल कसा हडकला, कुणाच्या सुनेनं कालची भाकरी कशी करपवली, सगळं तिला ठाऊक असायचं आणि ते मोठ्यानं बोलायला ती कचरायची नाही. भले भले लोक दुकान टाळून जुन्या देवळामागच्या बोळीनं जायचे. नवरा मन्मथअप्पा मात्र मुलखाचा अबोल. मीठ, मिरची, गूळ, घासलेट मोजून द्यायचा आणि पुन्हा तराजूकडे बघत बसायचा. दिवसभरात तो जेवढं बोले, तेवढं चन्नबसम्मा एका गिऱ्हाइकाला ऐकवायची.

अशी ही बाई एका फाल्गुनात गप्प झाली. ओट्यावर बसायची, सूप हातात असायचं, पण समोरून कुणी मिरवत गेलं तरी तिची नजर वर व्हायची नाही. ज्यांना तिच्या बोलण्याचा जाच होता, त्यांनाच आता करमेना. ते मुद्दाम दुकानावरून जाऊ लागले, तरी काही नाही.

कारण गावाला ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा शिवरुद्र परमुलखात मेला होता. पण मुलगा तर गेलाच. असं झालं की आईबाप रडतात, आणि हळूहळू कामाला लागतात. चन्नबसम्मेचं तसं होईना, कारण तिच्या पोटात त्या मरणापेक्षाही एक वेगळा काटा रुतला होता.

धोंडीबा हाटकर दरवर्षी पाऊस उघडला की मेंढरं घेऊन पैनगंगेपल्याडच्या डोंगरांत जायचा आणि उन्हाळा लागायच्या आत परतायचा. मोहझरी नावाचं गाव आहे त्या डोंगरावर; शिवरुद्रानं तिथं मिठाचं दुकान टाकलं होतं. वर्षातून एकदा धोंडीबाकडून ‘बरा हाय पोरगा’ एवढा निरोप यायचा. त्या फाल्गुनात धोंडीबा आला तो सरळ दुकानात, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन.

“अप्पा, आक्का, शिवरुद्र ऱ्हायला न्हाई,” तो म्हणाला. “श्रावणात हिवताप आला. नदीला पूर, वाटा बंद. मला बी तिथं गेल्यावर कळलं. गोंडांनीच माती दिली त्याला.”

चन्नबसम्मेनं हंबरडा फोडला. मन्मथअप्पा मात्र तराजू खाली ठेवून जागच्या जागी उभा राहिला आणि कोरड्या आवाजात त्यानं एकच विचारलं, “बसवून का निजवून?”

धोंडीबा गोंधळला. “ते काय मला ठाव न्हाई, अप्पा. म्या नुसतं थडगं पायलं.”

लिंगायताच्या घरात माणूस गेलं की त्याला आडवं करत नाहीत. मांडी घालून बसवतात. जन्मापासून गळ्यात बांधलेलं छोटं लिंग सोडवून डाव्या तळव्यावर ठेवतात, कपाळाला भस्म लावतात, वर बेलाची पानं वाहतात आणि बसल्या बसल्याच मातीत देतात. जन्मभर रोज सकाळी माणूस जसा पूजेला बसला, तसाच तो शेवटीही बसतो. आडवं निजवून, लिंगावाचून कुणाला पुरलं, तर त्याची वाट अर्ध्यातच राहिली असं ही माणसं मानतात. मग ते पोर कुठं अडकून पडलं असेल, या विचारानं आईला झोप कशी यायची? आणि डोंगरातल्या गोंडांना हे सगळं कुठून कळायचं?

मन्मथअप्पानं तो प्रश्न एकदाच विचारला. पुढं कधी त्याचं नावही काढलं नाही. पण घरात तो प्रश्न राहायलाच आला. पीठ मळताना, दिवा लावताना, अंगणात सडा टाकताना चन्नबसम्मेच्या कानात तेच. बसवलं की निजवलं?

आणि त्या प्रश्नाच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ती तिनं कुणापाशी काढली नव्हती.

शिवरुद्र डावखुरा होता. लहानपणी घास डाव्या हातानं उचलायचा. लोक हसायचे, सासू टोमणे मारायची. तेव्हा चन्नबसम्मेनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याचा डावा हात कमरेला बांधून ठेवायला सुरुवात केली. पोर रडायचं, उजव्या हातानं भाताची शितं सांडत सांडत जेवायचं. अखेर तो उजव्या हातानं जेवू लागला आणि घराला वाटलं, सुधारला. पण पूजेत त्याचं काही जमेना. लिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल वाहायचा. ज्याचा उजवा हात मुळात परका, त्याच्याकडून पान लिंगावर कमी आणि मांडीवर जास्त पडायचं. कुणी बघत नसलं की तो हात बदलायचा. लिंग उजव्या तळव्यावर, बेल डाव्या हातात. मग मात्र पूजा कशी सुरेख व्हायची. चन्नबसम्मेनं ते दाराआडून पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

एका श्रावणी सोमवारी घरी जंगमस्वामी, म्हणजे घराण्याचे गुरू, आले. सगळं घर ओळीनं पूजेला बसलं. चांगला मिसरूड फुटलेला शिवरुद्र डोळे मिटून तल्लीन झाला होता, आणि लिंग त्याच्या उजव्या तळव्यावर होतं. मन्मथअप्पाची नजर गेली. कधी कुणावर हात न उगारणारा माणूस, पण स्वामींसमोर आपली शोभा झाली असं त्याला वाटलं, आणि त्यानं फाडकन त्या हातावर मारलं. लिंग जमिनीवर पडलं.

लिंग भुईला लागणं ही लहान गोष्ट नव्हे. सगळे गारठले. स्वामी काही बोलायच्या आतच मन्मथअप्पा म्हणाला, “उलट्या हाताचा माणूस माझ्या घरात नको.”

शिवरुद्रानं लिंग उचललं, कपाळाला लावलं आणि आईकडे बघितलं. सगळ्या गावाला तोंड होती ती, पण त्या वेळी तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. चार दिवसांनी तो निघून गेला. त्यानंतर त्या नजरेला द्यायचं उत्तर ती मनातल्या मनात शेकडो वेळा बोलली असेल. पण ऐकणारा घरात नव्हता.

बातमी आली त्यानंतरच्या आश्विनात धोंडीबा पुन्हा निघाला. मेंढरं त्याच्या भावांनी पुढं नेली होती, तो मागून जाणार होता. चन्नबसम्मा ओट्यावरून खाली उतरली.

“धोंडीबा, कवा निघायलाव?”

“परवा, आक्का.”

“मी बी यायले.”

धोंडीबानं दुकानात बघितलं. मन्मथअप्पा गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकत होता. तो न बघताच म्हणाला, “तिथं जाऊन काय उकरून पाहणार हायस?”

“लागलं तर उकरीन,” चन्नबसम्मा म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिचा जुना आवाज निघाला.

मन्मथअप्पा आत गेला आणि भस्माची गोटी, फडक्यात बांधलेली बेलाची पानं आणि वाटखर्ची असं आणून ओट्यावर ठेवलं. तोंडानं काही नाही. तो असाच होता. त्याच्या रागाचं आणि मायेचं दार एकच, आणि तेही नेहमी लोटलेलं.

जिंतूरहून हिंगोलीपर्यंत मोटार होती. बाई जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली आणि सगळा रस्ता पुढच्या बाकाला घट्ट धरून होती. हिंगोलीपासून गाडीबैल, मग नदी, मग पायी चढण. धोंडीबा घोंगडी खांद्यावर टाकून पुढं चालायचा, ती मागून. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. बाहेरचं ती काही तोंडात घालणार नव्हती. सकाळी नदीकाठी नाहीतर झऱ्याशी बसून लिंगपूजा करायची, मग दोन घास, मग चाल.

त्या डोंगरानं आपलं पोर गिळलं, असं मनात धरून ती निघाली होती. काळाकुट्ट, भेसूर मुलूख असणार, असं तिला वाटलं होतं. पण घाट चढून वर आली आणि ती थबकलीच. सागाच्या झाडांवर पांढरट फुलोरा आलेला. उतारांवर रामतिळाची पिवळी शेतं. खालच्या दरीत धुकं साचलेलं, त्यातून कुठंतरी पाण्याचा धबधबा ऐकू यायचा, दिसायचा नाही. तिचा स्वतःचा मुलूख काळा आणि सपाट, जिकडं बघावं तिकडं कापूस आणि आभाळ. हे असलं काही जगात असतं, हे तिला माहीतच नव्हतं. आणि तिला राग आला. एवढं देखणं असून या जागेला माझ्या पोराला जपता आलं नाही?

“लय भारी हाय न्हाई, आक्का?” धोंडीबानं विचारलं.

“बघ की तूच,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पुढं चालू लागली.

मोहझरीत बाजाराचा दिवस होता. डोंगरातून माणसं उतरली होती. मध, डिंक, चारोळी, मोहाची वाळलेली फुलं घेऊन. दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे गोंडांच्या दंडारीचे. डोक्यावर मोरपिसांचे हे एवढाले मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले नाचे ढोलांच्या तालावर फिरत होते. टेकडीवर सरकारी डाकबंगला होता. हवापालटाला आलेले कुणी मोठे साहेब तिथं खुर्च्या टाकून हा नाच बघत होते आणि डोंगराची शोभा कशी, यावर एकमेकांत उर्दूत बोलत होते. नाचणारे घामाघूम, बघणारे शाली पांघरून. चन्नबसम्मेनं नाचाकडे एकदा पाहिलं. अंगाला राख बघून तिला जरा बरं वाटलं. आपलं भस्मच ते, असं तिच्या मनात आलं.

धोंडीबा तिला बाजाराच्या टोकाला घेऊन गेला. तिथं एक बंद खोपट होतं, तेच शिवरुद्राचं दुकान. शेजारच्या अंगणात एक काळीसावळी, पिकल्या केसांची गोंड बाई चारोळ्या फोडत बसली होती. मोतूबाई तिचं नाव. थडग्याची माहिती धोंडीबाला तिच्याकडूनच मिळाली होती.

“ही त्याची आई,” धोंडीबा म्हणाला.

मोतूबाई उठली. तिनं चन्नबसम्मेचा चेहरा न्याहाळला आणि म्हणाली, “नाक तुहंच हाय त्याले.”

चन्नबसम्मेनं रडायचं नाही असं वाटेतच ठरवलं होतं. ती उभ्या उभ्याच म्हणाली, “बाई, एकच सांग. माझ्या लेकाला मातीत दिलं, ते बसवलं की निजवलं?”

मोतूबाईला प्रश्नाचं काही नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं चन्नबसम्मेचा हात धरून तिला अंगणातल्या खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसली.

“आमच्यात निजवतेत,” ती म्हणाली. चन्नबसम्मेनं खाटेची दोरी मुठीत धरली. “माह्या नवऱ्यानं बी तसाच लांब खड्डा आखला होता. मी म्हटलं, नाही. हा पोरगा रोज सकाळी माह्यासमोर त्या ओट्यावर बसे. मांडी घालून. गळ्यातला दगड काढे, हातावर घे, पाणी घाले, पान ठेवे. तवा कोनी हाक मारली तरी बोलत नव्हता. पूजा झाल्याबिगर दुकान उघडत नव्हता. जो रोज असा बसे त्याले निजवाचं कसं? बसवूनच द्यावं. मग नवरा लई कुरकुरला. खाली सगळा मुरूम, बसवाचं तर खड्डा खोल लागते, वरून पाणी. पण खणला त्यानं. बसवला तुह्या पोराले.”

चन्नबसम्मा तिच्याकडे बघतच राहिली. दीड हात अंतरावर बसलेली ही परकी बाई. हिला कुणी शास्त्र सांगितलं नव्हतं, कुणी स्वामी तिच्या दारात आला नव्हता. तिनं फक्त शेजारच्या पोराकडे रोज लक्ष देऊन पाहिलं होतं. चन्नबसम्मेच्या अंगातला सगळा ताठा एकदम गेला, आणि इतके महिने आवळून धरलेलं रडू फुटलं. धोंडीबा उठून अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला.

रडणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले. “आणि तो दगड? त्याचं लिंग?”

“त्याच्या हातात देल्लं. त्याचा देव, आमी ठेवून काय करावं? पन बोटं मिटेनात, दगड घसरून पडे. मग मी माह्या लुगड्याची चिंधी फाडली आन् हात बांधून टाकला. ह्या असा.”

मोतूबाईनं आपला उजवा हात पुढं केला आणि डाव्या हातानं त्याच्याभोवती चिंधी गुंडाळल्यासारखं केलं.

“उजवा?” चन्नबसम्मा पटकन म्हणाली. इतकं सगळं बरोबर झालं आणि शेवटी हात चुकला, असं तिच्या मनात आलं. ‘डावा पाहिजे होता बाई,’ हे शब्द तिच्या ओठांवर आलेही होते.

“उजवाच. तो तसाच धरे ना,” मोतूबाई म्हणाली. “डावा त्याचा कामाचा हात. मीठ मोजाचा तर डाव्यानं, ढोल वाजवाचा तर डाव्यानं.”

“ढोल?”

“मंग. दंडारीत वाजवे तो. आमच्या पोरायचे सगळे हात उजवे. ढोलवाल्याची रांग वळते ना, तवा डाव्या टोकाले उजव्या हाताचा मानूस अडखळते. हा तिथं उभा राह्यला का रांग कशी फिरे, काय सांगू तुले. दोन सालापासून ती जागा रिकामी हाय. आज पाहिलं ना तू, रांग कशी मोडत होती ते?”

चन्नबसम्मेनं रांगेकडे लक्ष दिलं नव्हतं. ज्या हाताला तिनं चिंधीनं कमरेला जखडून ठेवलं होतं, त्या हाताची या डोंगरात लोक वाट बघत होते. आणि दुसऱ्या कुणीतरी चिंधी फाडली होती ती त्याच्या मनासारखं व्हावं म्हणून. आपलं पोर इथं चार-पाच वर्षं कुणाच्या भीतीनं हात न बदलता बसलं, पोटभर जेवलं, ढोल वाजवला, हे कळून तिला एकाच वेळी इतकं बरं आणि इतकं वाईट वाटलं की तिला ते दोन्ही वेगळं करता येईना.

त्या रात्री ती मोतूबाईच्याच अंगणात राहिली. मोतूबाईनं तिला कोरं मडकं आणि तीन दगडांची चूल दिली, तिनं तिचं तिचं शिजवलं.

सकाळी धुकं होतं. थडगं गावाच्या वरच्या अंगाला, एका मोहाच्या झाडाखाली. दगडांची बसकी रास आणि माथ्यावर रोवलेला सागाचा एक खुंट. चन्नबसम्मेनं दगडांवर भस्म लावलं, घरून आणलेली बेलाची पानं वाहिली. ती आता सुकून चुरगळली होती. मग ती समोर मांडी घालून बसली. मोतूबाई थोड्या अंतरावर उकिडवी बसून राहिली, जशी रोज ओट्यासमोर बसत असेल तशी.

चन्नबसम्मेनं गळ्यातलं लिंग काढलं आणि सवयीनं डाव्या तळव्यावर ठेवलं. मग तिनं ते उचलून उजव्या तळव्यावर घेतलं, आणि पाण्याचं पंचपात्र डाव्या हातात धरलं.

पाणी लिंगावर पडण्याऐवजी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. भस्माची बोटं वेडीवाकडी उठली. बेलाचं पान तिनं जपून ठेवायला नेलं आणि ते मांडीवर पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. सगळी हयात पूजा करणारी बाई, लहान पोरीसारखी चुकत होती.

“असं होत होतं होय रे तुला,” ती मोठ्यानं म्हणाली. “रोज असं होत होतं.”

मग त्या श्रावणी सोमवारी जे बोलायला हवं होतं ते ती बोलली. थडग्याशी, पदर खांद्यावरून घसरलेला, नाक गळत असताना. काय बोलली ते मोतूबाईला सगळं समजलं नसेल, आणि आपल्याला ते ऐकायचं कारण नाही. सरतेशेवटी एक पान लिंगावर टिकलं.

चन्नबसम्मा चारठाण्याला परतली तेव्हा मन्मथअप्पा दुकानात एकटाच होता. ती पायऱ्या चढून आली, गाठोडं अजून काखेतच होतं. त्यानं तराजू खाली ठेवला.

“बसवून का निजवून?”

“बसवून.”

मन्मथअप्पानं खांबाला हात लावला. मग त्यानं विचारलं, “लिंग?”

“हातात.”

“कंच्या हातात?”

रस्त्यानं माणसं येत-जात होती, दुकानावर नजर टाकत होती. चन्नबसम्मेनं गाठोडं खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“त्याच्या,” ती म्हणाली.

मन्मथअप्पा समजला. ज्या हातानं त्यानं एकदा मारलं होतं तो हात त्यानं आपल्या दुसऱ्या हातात धरला आणि ओट्यावर बसला. चन्नबसम्मा त्याच्या शेजारी बसली. गिऱ्हाईक आलं, थांबलं, आणि काही न मागता निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसताना तिनं लिंग उजव्या तळव्यावर घेतलं, आणि मन्मथअप्पानं तिच्या डाव्या हातात बेलाचं पान ठेवलं.